कुंपणच शेत खातं तेव्हा : नाकाचा लिम्फोमा आणि न थांबणारी प्रतिकारशक्ती



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता नाकातल्या कर्करोगावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर आहोत ते पीएच.डी.चे, नाडी बघणारे नव्हे. तेव्हा आज इथे कुणाला औषध सांगितलं जाणार नाही. पण काही आजार असे असतात की ते तत्त्वज्ञानाच्या वर्गातले प्रश्न उचलून थेट रुग्णाच्या खाटेपाशी आणून ठेवतात. कारण म्हणजे काय? एखाद्या गोष्टीला नाव कधी द्यावं? आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीर कसं ठरवतं? आणि पुरेशी खात्री नसताना निर्णय घ्यायची वेळ आली तर काय करायचं?

असा एक आजार आज आपण समजून घेणार आहोत. वैद्यकातलं त्याचं नाव 'एक्स्ट्रानोडल एनके/टी-सेल लिम्फोमा, नेझल टाइप'. नाव लांबलचक आहे. आपण त्याला नाकाचा लिम्फोमा म्हणू. तो विरळा आहे. मग त्यावर तासभर कशाला घालवायचा? त्याचं कारण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. २०२० सालापासून आपल्याकडे प्रत्येक घरात एक शब्द शिरला, 'इम्युनिटी'. ती वाढवायचे काढे आले, गोळ्या आल्या, चूर्णं आली. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू गच्चीवरच्या टाकीतलं पाणी; जितकं जास्त तितकं बरं. हा आजार आणि त्याच्या पोटी येणारी एक जीवघेणी गुंतागुंत या समजुतीला सुरुंग लावतात. प्रतिकारशक्तीचं खरं मोल वेळेवर उठण्यात आणि काम झाल्यावर वेळेवर शांत होण्यात आहे, हे त्यांच्यावरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कशावरून दिसत असेल.

पहारेकरीच फितूर होतो

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांतल्या लिम्फोसाइट नावाच्या पेशींचे ढोबळ तीन प्रकार. बी पेशी प्रतिद्रव्यं तयार करतात. टी पेशींतल्या काही इतरांना हुकूम देतात, तर काही विषाणू शिरलेल्या पेशींना थेट मारतात. तिसऱ्या एनके, म्हणजे नॅचरल किलर. हे नाव १९७५ च्या सुमारास पडलं, कारण या पेशींना मारण्यासाठी आधी शिकवणी लागत नाही.

मग त्या ओळखतात कसं? इथे मोठी गमतीची गोष्ट आहे. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या अंगावर एक ओळखपत्र मिरवते. पुष्कळ विषाणू आणि कर्करोगाच्या पेशी पकडलं जाऊ नये म्हणून हे ओळखपत्र लपवतात. एनके पेशी नेमकं तेच बघतात. १९८० च्या दशकात स्वीडनच्या क्लास कार्रे यांनी ही कल्पना मांडली. त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी, ज्यांना १९६० चं नोबेल मिळालं, प्रतिकारशास्त्राला 'स्व' आणि 'पर' ही भाषा दिली होती. 'पर' दिसला की मारायचं, ही टी पेशींची रीत. 'स्व'ची खूण गायब दिसली की मारायचं, ही एनके पेशींची. एक पहारेकरी चोर शोधतो, दुसरा ओळखपत्र नसलेला माणूस शोधतो. दोघं मिळून पहारा बऱ्यापैकी चोख राहतो.

नाकाचा लिम्फोमा हा बहुतेक वेळा याच एनके पेशींचा कर्करोग असतो; काही वेळा टी पेशींचा. म्हणजे ज्याला राखण करायला ठेवलं तोच बिघडला. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणच शेत खातं, तर दाद कुणाकडे मागायची?

तो बहुधा नाकाच्या पोकळीत सुरू होतो. एका बाजूचं नाक चोंदतं, अधूनमधून रक्त येतं, खपल्या धरतात, घाण वास येतो, गाल किंवा डोळ्याखालचा भाग सुजतो. पुढे नाकाचा पडदा झिजतो, टाळूला भोक पडू शकतं. बाईपेक्षा पुरुषाला जास्त होतो आणि बहुधा मध्यम वयात. या पेशींची एक खोड अशी की त्या रक्तवाहिन्यांच्या भोवती आणि भिंतीत शिरतात आणि त्या बुजवतात. रक्त पोचलं नाही की ऊती मरते. म्हणून जुन्या वैद्यकात याला 'लीथल मिडलाइन ग्रॅन्युलोमा' म्हणत, म्हणजे चेहऱ्याचा मधला भाग खाणारी प्राणघातक व्याधी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचं वर्णन झालं. हा लिम्फोमा आहे हे कळायला पाऊणशे वर्षांहून जास्त गेली.

एका व्याख्यानातून सापडलेला विषाणू

आता यातला दुसरा गडी. त्याचं नाव एप्स्टाइन-बार विषाणू, थोडक्यात ईबीव्ही. हा कसा सापडला ते व्याख्यानं ऐकायला येणाऱ्यांनी तर ऐकायलाच हवं.

डेनिस बर्किट नावाचे एक आयरिश शल्यचिकित्सक युगांडात काम करत. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात भराभर वाढणाऱ्या गाठी त्यांनी पाहिल्या आणि १९५८ मध्ये त्यांचं वर्णन छापलं. २२ मार्च १९६१ रोजी लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये त्यांचं या गाठींवर व्याख्यान झालं. ते ऐकायला अँथनी एप्स्टाइन नावाचे विषाणूंवर काम करणारे तरुण संशोधक आले होते. ही गाठ आफ्रिकेच्या विशिष्ट हवामानाच्या पट्ट्यातच दिसते हे ऐकून त्यांना वाटलं, यामागे जंतू असला पाहिजे. मग कंपालाहून विमानाने गाठींचे तुकडे लंडनला यायला लागले. दोन वर्षं काही सापडेना. डिसेंबर १९६३ मध्ये एक विमान धुक्यामुळे मँचेस्टरला वळवावं लागलं आणि नमुना उशिरा पोचला. तो गढूळ झाला होता. वाटलं, सडला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतल्या पेशी सुट्या होऊन तरंगत होत्या, आणि जिवंत होत्या. त्या वाढवता आल्या. १९६४ मध्ये एप्स्टाइन, बर्ट अचोंग आणि इव्हॉन बार यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्यांत दिसलेला विषाणू 'लॅन्सेट'मध्ये जाहीर केला. माणसाच्या कर्करोगाशी संबंध दिसलेला हा पहिला विषाणू.

आणि मग धक्का बसला तो पुढे. हा विषाणू शोधावा तिथे सापडू लागला. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढ माणसांच्या शरीरात तो आहे. तुमच्या आहे, आमच्याही असणार. तो लाळेतून पसरतो. आपल्याकडे लहानपणीच आईच्या हातच्या चिमणीच्या घासातून, भावंडांच्या उष्ट्यातून तो येतो. चार दिवस अंग कोमट होतं, कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग तो बी पेशींत जाऊन मुक्काम ठोकतो तो आयुष्यभर. पाश्चात्त्य देशांत हा संसर्ग पुष्कळदा तरुण वयात होतो, तेव्हा घसा, ताप आणि गळ्याच्या गाठी असा महिनाभर रेंगाळणारा आजार होतो.

१९९० मध्ये जपानी संशोधकांनी नाकाच्या लिम्फोमाच्या पेशींत हाच ईबीव्ही असल्याचं दाखवलं. आज तर पेशींत ईबीव्हीचा पुरावा मिळाला नाही, तर डॉक्टर या निदानाबद्दलच शंका घेतात.

आग, धूर आणि ओलं लाकूड

इथे आमच्या जुन्या विषयाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. विषाणू सगळ्यांत आहे, कर्करोग मात्र लाखांत एखाद्याला. मग विषाणूला कारण म्हणायचं की नाही?

बी.ए.च्या वर्गात अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकवताना धूर आणि आगीचं उदाहरण येतं. धूर आहे तिथे आग असते, हे पक्कं. पण उलटं म्हणून बघा : आग आहे तिथे धूर असतो. हे खोटं ठरतं. लोहाराच्या भट्टीतला तापून लाल झालेला लोखंडी गोळा घ्या. त्यात आग आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायला ओलं लाकूड लागतं. या ओल्या लाकडाला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटलं.

ईबीव्ही आणि नाकाचा लिम्फोमा यांचं नातं असंच आहे. हा लिम्फोमा आहे तिथे ईबीव्ही असतो, हा धूर आणि आग. पण ईबीव्ही आहे तिथे लिम्फोमा, असं मुळीच नाही. मधे ओलं लाकूड लागतं. ते काय? एक म्हणजे, बी पेशीत राहणारा विषाणू चुकून एनके किंवा टी पेशीत शिरला पाहिजे. दुसरं, त्या पेशीच्या जनुकांत आणखी बिघाड साचले पाहिजेत. तिसरं, आनुवंशिक ठेवण. हा आजार चीन, जपान, कोरिया या पट्ट्यात आणि मध्य व दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत जास्त दिसतो. युरोपात फार कमी. चीनचं नाव निघालं की सोलापूरकराला डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात, ते ज्या मुलखात सेवा करत गेले त्याच मुलखातल्या रुग्णालयांनी आज या आजाराबद्दलचं बरंचसं ज्ञान जगाला दिलं आहे.

आपल्या देशात काय? परळच्या टाटा मेमोरियलमधल्या विकृतिशास्त्रज्ञांनी २७७३ लिम्फोमांची नव्या पद्धतीने वर्गवारी करून २००० साली ती प्रसिद्ध केली. त्यात बी पेशींचे सुमारे ७९ टक्के आणि टी पेशींचे सुमारे १६ टक्के निघाले. आशियातल्या इतर अनेक देशांत बऱ्यापैकी दिसणारा नाकाचा लिम्फोमा आपल्याकडे कमी, असंही त्यांनी नोंदवलं. कमी म्हणजे नाही असं नव्हे. आणि कमी असण्यातच धोका आहे, तो आता बघू.

त्याआधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. हा कर्करोग संसर्गजन्य नाही. रुग्णाचं ताट वेगळं करायचं, पेला वेगळा ठेवायचा, याला काहीही अर्थ नाही. जो विषाणू त्याच्यात आहे तो घरातल्या बहुतेक सगळ्यांत आधीपासून आहे. उष्ट्यातून आग येते, धूर येत नाही. आजाराने खचलेल्या माणसाला वेगळं पाडून आपण त्याच्या दुखण्यात आणखी एका दुखण्याची भर घालतो.

नाव देण्याची घाई आणि नाव देण्यातली दिरंगाई

नाक चोंदलं, रक्त आलं, तर आपल्या डोक्यात पहिलं नाव कोणतं येतं? सर्दी. मग सायनस. सोलापूरच्या उन्हाळ्यात घोळणा फुटणं ही तर नेहमीची बाब. बहुतेक वेळा ही नावं बरोबरच असतात, हेही लक्षात ठेवा. नाक चोंदलेल्या दर माणसाने कर्करोगाची धास्ती घेऊ नये.

पण डॉक्टरांपुढची यादी मोठी असते. क्षयरोग नाकात होऊ शकतो. कुष्ठरोगाने नाकाचा पडदा झिजतो. रक्तवाहिन्यांना सूज आणणारे काही आजार हुबेहूब असंच चित्र उभं करतात. आणि २०२१ च्या मे महिन्यात आपण सगळ्यांनी ऐकलेली म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. तीही नाकापासून सुरू होऊन टाळू आणि डोळा खाते. फरक असा की बुरशी दिवसांच्या हिशोबाने पसरते, लिम्फोमा बहुधा आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या. पण हा अंदाज झाला. अंदाज म्हणजे निदान नव्हे.

निदान होतं ते बायॉप्सीने, म्हणजे तुकडा काढून तपासून. इथे या आजाराची ती जुनी खोड आडवी येते. रक्तवाहिन्या बुजल्याने वरची ऊती मेलेली असते. तुकडा तिथून काढला तर अहवाल येतो, 'मृत ऊती व सूज, कर्करोग आढळला नाही'. रुग्णाचं कुटुंब पेढे वाटतं. महिन्याने परत तेच. म्हणून अशा वेळी खोलवरून, एकाहून जास्त जागांवरून, गरज पडली तर पुन्हा पुन्हा तुकडे घ्यावे लागतात. मग त्यांवर खास रंगतपासण्या होतात. सीडी५६ सारख्या खुणा पाहतात आणि 'ईबर' नावाच्या तपासणीने पेशीतला ईबीव्ही शोधतात.

'आढळला नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुमच्या घरात किल्ली सापडली नाही म्हणून किल्ली घरात नाही असं ठरत नाही. कुठे शोधलं आणि किती शोधलं, ते विचारावं लागतं. अहवाल हातात आल्यावर डॉक्टरांना एवढा एक प्रश्न जरूर विचारा : "तुकडा पुरेसा होता का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, कुणाही चांगल्या डॉक्टरला तो आवडेल.

आणखी एक. नाकाला सूज आहे म्हणून कुणी स्टेरॉइडच्या गोळ्या देतं, कुणी मेडिकलच्या दुकानातून स्वतःच घेतं. चार दिवस बरं वाटतं. पण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या आक्रसतात आणि मग तुकड्यात नीट सापडत नाहीत. धूर झाकला, आग तशीच. तेव्हा निदानाआधी मनाने स्टेरॉइड नको.

विरळ्या आजाराला नाव मिळण्यासाठी कुणीतरी सगळ्यांची नोंद ठेवावी लागते. या बाबतीत आपल्या जिल्ह्याने देशाला वाट दाखवली आहे. १९८७ मध्ये बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावागावांत जाऊन कर्करोगाच्या रुग्णांची माहिती गोळा केली गेली. तिथल्याच नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास केला. विषय होता गर्भाशयमुखाचा कर्करोग, तोही विषाणूमुळेच होणारा. विषाणू वेगळा, एचपीव्ही. गावांचे ५२ गट आणि १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला : एचपीव्हीची एकच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. विषाणूजन्य कर्करोग ही दूरदेशीची गोष्ट नाही. त्यावरचं जगाने मानलेलं ज्ञान आपल्या शेजारच्या खेड्यांतल्या बायाबापड्यांनी रांगेत उभं राहून घडवलं आहे.

शांत होणं हेही काम असतं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नाकाच्या लिम्फोमात रुग्ण नेहमी गाठीनेच दगावतो असं नाही. काही वेळा सुरुवातीलाच, काही वेळा उपचार चालू असताना, एक वेगळंच वादळ उठतं. त्याचं नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस. डॉक्टर एचएलएच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

निरोगी शरीरात काय होतं पहा. विषाणू शिरलेली पेशी दिसली की मारक पेशी तिला भिडते. 'परफोरिन' नावाच्या प्रथिनाने तिच्या कवचाला छिद्र पाडते आणि आत विष सोडते. ती पेशी मेली की चिथावणी संपते, सैन्य माघारी येतं. म्हणजे मारणं हे केवळ हल्ल्याचं साधन नाही, युद्ध संपवण्याचंही तेच साधन आहे.

समजा, मारक पेशी भिडली पण मारू शकली नाही. समोरची पेशी जिवंत, चिथावणी चालू. मारक पेशी मदतीसाठी ओरडत राहते, म्हणजे रसायनं सोडत राहते. ती ऐकून मॅक्रोफेज नावाच्या गिळणाऱ्या पेशी चवताळतात. त्या आणखी रसायनं सोडतात. कोविडच्या काळात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द तुम्ही ऐकला होता, हे त्याचंच एक उग्र रूप. चवताळलेल्या मॅक्रोफेज मग आपल्याच तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स गिळायला लागतात. हिमोफॅगोसायटिक या शब्दाचा अर्थच तो, रक्त गिळणारं.

आपलं गाव मागाचं. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबण्याची सोय असते. ती सोय बिघडली तर? माग जोरात चालतोच आहे, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काय काम चाललंय! पण कापड खराब होत जातं. एचएलएचमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिची थांबण्याची सोय बिघडलेली असते.

काही बाळांत हा दोष जन्मजात असतो. परफोरिनचं जनुकच बिघडल्याने असं होतं, हे १९९९ मध्ये सिद्ध झालं. मोठ्या माणसांत बहुधा दुसऱ्या कशाने तरी हे पेटतं; संसर्ग, लिम्फोमा, किंवा संधिवातासारखे आजार. ईबीव्ही असलेला नाकाचा लिम्फोमा हा त्यांतला कुप्रसिद्ध चेतवणारा. विषाणूही तिथे, बिघडलेल्या एनके पेशीही तिथे आणि त्या स्वतःच रसायनं ओकणाऱ्या. आगीत तेल.

लक्षणं काय? न हटणारा ताप. प्लीहा वाढते, कधी यकृतही. रक्तपेशी घटतात. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन कमी होतं, ट्रायग्लिसराइड वाढतं. आणि फेरिटिन नावाचं, लोह साठवणारं प्रथिन रक्तात शेकड्यांत असायचं ते हजारांत, दहा हजारांतही जातं.

आता आपल्याकडचा घोटाळा कुठे होतो, सांगतो. ताप आहे आणि प्लेटलेट्स कमी आहेत, म्हटलं की घरादाराचं निदान तयार असतं : डेंग्यू! मग पपईच्या पानांचा रस. डेंग्यू खूप आहे, त्यामुळे हे पुष्कळदा खरंही ठरतं. पण डेंग्यूचा ताप आठवडाभरात उतरायला हवा. दहा-बारा दिवस झाले, ताप हटत नाही, एकाऐवजी दोन-तीन प्रकारच्या रक्तपेशी उतरतायत, प्लीहा हाताला लागते, तर हे कोडं वेगळं आहे. गंमत म्हणजे डेंग्यू, क्षय, स्क्रब टायफस हे आजारही कधीकधी एचएलएच पेटवतात. तेव्हा 'हे की ते' असा प्रश्न नसून 'हे आणि शिवाय ते' असाही असू शकतो. आणि फेरिटिनची तपासणी काही दुर्मीळ नाही, सोलापुरात सहज होते. ती सुचायला मात्र हवी.

संशय ते निर्णय

न्यायशास्त्राने ज्ञानासाठी सोळा पदार्थ सांगितले. त्यांत 'संशय' आहे आणि 'निर्णय'ही आहे. संशयाला त्यांनी दोष मानलं नाही, विचाराची सुरुवात मानलं. एचएलएचच्या डॉक्टरांना हा प्रवास काही तासांत, फार तर दोनचार दिवसांत करावा लागतो. या आजाराची 'हो किंवा नाही' सांगणारी एकच तपासणी नाही. २००४ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत आठ खुणा आहेत. त्यांतल्या पाच जुळल्या तर एचएलएच धरायचं. आठही जुळायची वाट बघितली तर रुग्ण राहत नाही.

इथे एक पेच आहे, आणि तो खरा पेच आहे. मघाशी आम्ही म्हटलं, निदानाआधी स्टेरॉइड नको. एचएलएच उसळलं तर मात्र वादळ शमवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि इटोपोसाइड हे औषध तातडीने लागू शकतं. दिलं नाही तर आज रुग्ण जाईल. बायॉप्सीआधी दिलं तर उद्या लिम्फोमा सापडणार नाही. नियम एकच लावून चालत नाही. म्हणून जाणते डॉक्टर शक्य असेल तर त्याच दिवशी तुकडा घेतात आणि मग औषध सुरू करतात. तेवढीही सवड नसेल तर जीव आधी. नियम कशासाठी होता हे ज्याला माहीत असतं, त्यालाच तो कधी सोडायचा हे कळतं.

बघा, इथे रुग्णाला वाचवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबावी लागते. वाढवायची नाही, दाबायची. जन्मजात एचएलएचमधली मुलं पूर्वी जवळजवळ सगळीच जात. १९९४ सालच्या उपचारपद्धतीने त्यांतली निम्म्याहून जास्त वाचू लागली. मोठ्यांत, विशेषतः लिम्फोमासोबत आलेलं एचएलएच आजही फार कठीण आहे. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आणि वादळ शमवून भागत नाही, ते पेटवणारा लिम्फोमाही हटवावा लागतो.

त्या लिम्फोमाचं चित्र मात्र पहिल्यासारखं निराशेचं नाही. नेहमीची लिम्फोमाची औषधं इथे अपुरी पडत, कारण या पेशी औषध बाहेर फेकणारा एक पंप बाळगतात. मग अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध उपयोगी पडलं. त्याची सुरुवात १९५३ मध्ये गिनी पिगच्या रक्तद्रवावरच्या एका निरीक्षणातून झाली होती. ते अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल रक्तातून काढून टाकतं. ते स्वतः पुरेसं बनवू न शकणाऱ्या कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतात. आजार नाकापुरता असताना सापडला, तर किरणोपचार आणि ही औषधं मिळून बरेच रुग्ण पूर्ण बरे होतात. पसरल्यावर ही शक्यता पुष्कळ घटते. म्हणजे इथे वेळ हेच औषध. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या माणसाने ती गाडी तिसऱ्या महिन्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात पकडली, तर फरक पडतो.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंनी विचारलं, या विषाणूवर लस आहे का? ईबीव्हीवर वापरात असलेली लस अजून नाही, प्रयत्न चालू आहेत. पण एचपीव्हीवर आहे, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली 'सर्व्हाव्हॅक' २०२३ मध्ये बाजारात आली. घरात मुली असतील तर त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. विषाणूजन्य कर्करोग टाळण्याची जी संधी आज हातात आहे, ती का सोडायची?

दुसरा प्रश्न, आम्ही आमच्या शरीरातला ईबीव्ही तपासून घ्यावा का? नको. तो असणारच, आणि त्यावरून पुढचं काही कळत नाही. लोखंडाचा गोळा तापलेला आहे हे कळून काय करणार? लिम्फोमा झालेल्या रुग्णाच्या रक्तातलं ईबीव्हीचं प्रमाण मात्र डॉक्टर मोजतात, उपचार लागू पडतो आहे का ते बघायला. ती गोष्ट वेगळी.

तिसरा प्रश्न मागच्या रांगेतून आला : "सर, मग प्रतिकारशक्ती वाढवायला काही घ्यायचंच नाही का?" पुरेसं जेवा, झोप घ्या, तंबाखू सोडा, लशी वेळेवर घ्या, मधुमेह आवरा. याने प्रतिकारशक्ती नीट राहते. 'वाढली' की नाही, हे बाटलीवर लिहिलेलं असलं तरी ते मोजायचं कुठलंही माप बाटली विकणाऱ्याकडे नाही. आणि एका बाजूचं नाक तीन आठवड्यांहून जास्त चोंदलेलं असेल, त्यातून रक्त येत असेल. किंवा ताप दहा दिवसांवर गेला आणि रक्तपेशी उतरतायत असं अहवाल सांगत असेल, तर काढा उकळत बसू नका. पहिल्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ, दुसऱ्यासाठी मोठ्या रुग्णालयातला फिजिशियन. आपल्या शहरात दोन्ही आहेत, सरकारी रुग्णालयातही आहेत. कागद सगळे एका पिशवीत घेऊन जा, जुना बायॉप्सीचा अहवाल असेल तर तोही. वेळ संपली आहे, बाकीचे प्रश्न पुढच्या शनिवारी घेऊ.